बाई दोन

फडका खुंटीला नव्हता. धाकटी हे तेरा वर्षं सांगत होती, आणि तेरा वर्षांत एका माणसानं तिचं खरं मानलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, दिरानं नाही, कामावरच्या इस्त्रीवाल्यानंही नाही. तोंडावर कुणी काही म्हणत नसे, तेच जास्त वाईट. म्हटलं असतं तर तिनं चार शब्द ऐकवले असते आणि मोकळी झाली असती. न बोलणाऱ्याशी भांडायचं कसं?

घरची लाँड्री होती. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे अभ्रे, ढिगानं येणारे टॉवेल. मागच्या अंगाला वाळवणखोली. बॉयलरची गरम हवा तिच्यात सोडायची आणि जाड पत्र्याचं दार लावून घ्यायचं. ते दार बिजागरीत लोंबलेलं, आपलं आपण उघडायचं, म्हणून त्याला बाहेरून कडी. आणि कडी बाहेरून, म्हणून एक रीत पाडलेली: आत जाणाऱ्यानं दाराशेजारच्या खुंटीला लाल फडका अडकवायचा. फडका दिसला तर कडीला हात लावायचा नाही. नसला तर कडी घालायची, हवा सोडायची. हाक मारण्यात अर्थ नव्हता, मशिनांच्या घरघरीत बाजूच्याची शिंक ऐकू येत नसे.

ही रीत पाडली थोरलीनं. फडकाही तिनंच शिवलेला, कोपऱ्याला पांढऱ्या दोऱ्याचा फास घालून.

त्या दिवशी संध्याकाळी धाकटीनं खुंटी बघितली. रिकामी. तिनं कडी घातली, हवा सोडली. दीड तासानं दार उघडलं तेव्हा थोरली आत होती.

थोरली म्हणजे तिची जाऊ. दोघींचं सकाळीच वाजलं होतं, चादरींच्या घड्या कुणी घालायच्या यावरून, आणि ते सगळ्यांनी ऐकलं होतं. शिवाय थोरली अकरा वर्षांत एकदाही फडका लावायला विसरली नव्हती. शोधूनही तो फडका सापडला नाही. चौकशीच्या कागदावर 'अपघात' असं लिहिलं गेलं. घरानं आपल्या मनात वेगळंच लिहून ठेवलं. थोरलीचा नवरा, म्हणजे धाकटीचा मोठा दीर, त्या दिवसापासून तिच्याशी एक शब्द बोलला नाही. मीठ हवं असलं तरी भिंतीकडे बघून मागायचा.

तर अशा या घरात एका मंगळवारी नव्या हॉटेलचा मॅनेजर आला, सगळं बघून खूश झाला आणि जाताना म्हणाला, "तुमची वेबसाइट काय?"

धाकटी म्हणाली, "चादरी धुतो आम्ही. वेबसाइट कशाला लागते?"

"साहेब बघूनच काम देतात, बाई."

लेक एकोणीस वर्षांची, या कामात हुशार. म्हणाली, "आई, फोटो मी काढते, पण मजकूर आपल्याला जमायचा नाही. कंटेंट रायटर घेऊ. फ्रीलान्स."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणाच्या नोकरीत नाही. घरी बसून कामं घेते."

"कुणाची नोकर नाही तर आपलं तरी कशी ऐकेल?"

लेकीनं जाहिरात टाकली. तिघांनी कामात रस दाखवला. पहिल्यानं नमुना पाठवला, 'स्वच्छतेच्या वाटेवरचा तुमचा विश्वासू सोबती'. धाकटी म्हणाली, "हे दातांच्या डॉक्टरलाही चालेल." दुसऱ्यानं लिहिलं होतं की इथे प्रत्येक चादर प्रेमानं धुतली जाते. "प्रेमानं डाग निघत नाही म्हणावं. दोनदा खळबळावं लागतं." तिसरीनं नमुना पाठवलाच नाही. सहा प्रश्न पाठवले. पहिलाच प्रश्न, चादर पुरती वाळली हे तुम्ही कशावरून ओळखता?

"हिला घे," धाकटी म्हणाली. "हिला निदान विचारायचं कळतं."

तिसरीची कामाची पद्धत ठरलेली होती. माणसानं बोलावं, रेकॉर्ड करून पाठवावं. ती कानाला हेडफोन लावून आधी सगळं जसंच्या तसं उतरवणार. कोण काय बोललं, ओळीखाली ओळ. तो कागद दाखवणार, मग पानं लिहिणार, दोन वेळा दुरुस्त्या करून देणार. मनाचं एक अक्षर घालणार नाही, असं तिनं स्वतःहून कळवलं होतं. धाकटीला हे बरं पडलं. तिची शाळा चौथीला संपली होती, पण तोंड काही चौथीत अडकलं नव्हतं.

फक्त शांत जागा पाहिजे होती. दुपारी दोन ते तीन मशिनं बंद असत, माणसं जेवायला जात. पुढच्या खोलीत रस्त्याचा आवाज. म्हणून धाकटी मागे गेली आणि वाळवणखोलीच्या दाराकडे पाठ करून स्टुलावर बसली. खोली आता वापरात नव्हती. चादरी वाळवायची मशिनं आली होती. कडी काढून टाकलेली, तिच्या जागी चार भोकं. खुंटी मात्र तशीच. कुणाला ती उपटायचा धीर झाला नव्हता, आणि धाकटीला तर नाहीच. तिनं उपटली असती तर त्याचाही अर्थ लावला असता लोकांनी.

तिनं फोनचं बटण दाबलं आणि सहाही प्रश्नांची उत्तरं दिली. थोरलीचं नाव काढलं नाही. कंटाळा आला होता त्या नावाचा. लाँड्री 'आम्ही' सुरू केली, एवढंच म्हणाली.

दोन दिवसांनी कागद आला. लेकीच्या लॅपटॉपवर धाकटी बोट फिरवत, ओठ हलवत वाचायला लागली.

*बाई एक: चादर वाळली का ते हातानं बघायचं. इतक्या वर्षांनी हाताला कळतं.*

*बाई दोन: हातानं नाही. हात चुकतो. गालाला लावायची.*

धाकटीचं बोट तिथेच राहिलं.

"हे बाई दोन कोण?"

"तूच कुणाशी तरी बोलत असशील मधेमधे," लेक म्हणाली.

"मी एकटी होते."

गालाला लावायची. हे थोरली करायची. रोज, प्रत्येक ढिगातली वरची चादर उचलून गालाला. धाकटी तिला हसायची. लेक तेव्हा सहा वर्षांची, तिला यातलं काही आठवत नव्हतं. मोठी आई होती एवढंच तिला माहीत. थोरली तिला लाडानं मुंगी म्हणायची, कारण पोर दिसेल ते ओढून न्यायची. बटणं, दोऱ्याची रिळं, कापडाचे तुकडे. थोरली गेली आणि ते नावही गेलं. मोठ्यांच्या ध्यानात होतं, पण लेकीला ते कुणी कधी सांगितलं नाही.

धाकटीनं लिहिणारीला फोन लावला. पलीकडचा आवाज तरुण होता, पण चार ठिकाणची कामं अंगावर घेतलेल्या बाईचा जसा असतो तसा दमलेला.

"काकू, मी मनाचं लिहीत नाही. ऐकू येतं तेच उतरवते. बाई एक तुम्ही. बाई दोन तुमच्या मागून बोलतात."

"मागे दार आहे."

"हो, तसंच वाटतं. मधे काहीतरी जाड असल्यासारखं. आणि..."

"आणि काय? बोल ना."

"घसा फार कोरडा आहे त्यांचा. प्रत्येक वाक्याआधी गिळतात. तुमचं फारसं पटत नाही त्यांना. सारखं दुरुस्त करतात."

धाकटीला नको असताना हसू आलं. होय, थोरलीच. मग हसू विरलं.

तिनं रेकॉर्डिंग लेकीला ऐकवलं. लेकीला पंख्याची घूं घूं ऐकू आली, बाकी काही नाही. नवऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, "त्या पोरीकडे दुसऱ्या कुणाचं तरी मिसळलं असेल. बदल ती." इस्त्रीवाला लांबूनच म्हणाला, "बाई, झोपा जरा. किती वर्षं सुट्टी घेतली नाही तुम्ही."

म्हणजे पुन्हा तेच. पुन्हा कुणाचाच विश्वास नाही. फक्त जेवताना तिनं हे सांगितलं तेव्हा दिराचा घास हातात अडला होता. तो भिंतीकडे बघत होता, पण ऐकत होता.

त्या रात्री धाकटी आडवी पडली आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली. आता विचारता येईल. सगळ्या जगात एकाच माणसाला माहीत आहे की फडका कुठे गेला, आणि ते माणूस बोलतंय.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. दोन वाजता माणसं जेवायला गेली, मशिनं एकेक करून थांबली, आणि शेवटचं थांबल्यावर जी शांतता पडली ती कानात कापूस कोंबल्यासारखी होती. कुठेतरी नळ ठिबकत होता. धाकटीनं मागचा दिवा लावला. तो पिवळा, मरतुकडा. तिनं स्टूल ओढलं आणि दाराला पाठ टेकली.

ते दार कधी कुणाला टेकू द्यायचं नाही, मागे जायचं. त्या दिवशी गेलं नाही. आतून कुणी पाठ लावून बसल्यासारखं घट्ट उभं राहिलं.

वास आला. तापलेल्या सुती कापडाचा, करपायच्या जरा आधीचा. बॉयलर बंद होता.

तिनं बटण दाबलं.

"जाऊबाई..."

ठिबक. ठिबक.

"जाऊबाई, मी दमले आता. भांडायला नाही आले. एकच सांगा... त्या दिवशी फडका होता का खुंटीला?"

ती थांबली. तिला काही ऐकू आलं नाही. पाठीला मात्र दार हळूहळू कोमट झालं, जसं एखाद्याच्या अंगाशी टेकून बसल्यावर आपलं अंग होतं. ती पाच मिनिटं तशीच बसली. मग उठली. दार तिच्यामागे आपलं आपण उघडलं, नेहमीसारखं. आत फाटक्या चादरींची बोचकी होती, दुसरं काही नाही.

या वेळी तिनं कागद लेकीकडे येऊ दिला नाही. लिहिणारीला म्हणाली, फोन कर आणि वाचून दाखव. मला. फक्त मला.

"काकू, वाचू?"

"वाच."

"बाई एक, त्या दिवशी फडका होता का खुंटीला? बाई दोन, होता. मी लावला होता." लिहिणारीनं श्वास घेतला. "मग बराच वेळ काही नाही. मग बाई दोन, मी आत गेल्यावर नेला. बाहुलीला थंडी वाजत होती."

धाकटी उठून उभी राहिली.

"काकू... बाहुली कुणाची?"

धाकटीनं फोन ठेवला. घरात जाऊन माळ्याला शिडी लावली. गुडघे कुरकुरले. लेकीच्या लहानपणाची पत्र्याची पेटी मागे होती, वर गाद्या, जुने पडदे. तिनं सगळं खाली ढकललं. पेटीत छोटे बूट, फुटके रंग, बिनझाकणाचा डबा आणि तळाला एका डोळ्याची बाहुली. बाहुली लाल कापडात गुंडाळलेली. कोपऱ्याला पांढऱ्या दोऱ्याचा फास.

तेरा वर्षं. तेरा वर्षं तिच्या डोक्यावर, ती झोपायची त्याच्या बरोबर वर.

ती शिडीवरच बसून राहिली. हातात फडका होता. हा घेऊन आत्ता खाली गेलं, दिराच्या तोंडावर फेकला, की झालं. खरी ठरली असती ती. सगळ्यांनी माना खाली घातल्या असत्या. तिनं ते कितीदा मनात रंगवलं होतं, कोण काय म्हणेल आणि आपण काय उलट ऐकवू, सगळे शब्द ओठावर तयार होते.

खालून लेकीचं हसणं आलं. हॉटेलच्या मॅनेजरशी फोनवर बोलत होती. "पुढच्या आठवड्यात साइट तयार, साहेब. आमची आई म्हणजे काय समजलात!"

धाकटी खाली उतरली. बॉयलर नुकता पेटवला होता. तिनं भट्टीचं झाकण उघडलं आणि फडका आत टाकला. तो पटकन जळला. वास तोच आला, तापलेल्या सुती कापडाचा.

मग तिनं लिहिणारीला फोन केला. "ते रेकॉर्डिंग पूस. लिहिलेलंही पूस. आणि यापुढे बाई दोनचं एक अक्षर उतरवायचं नाही."

"काकू, मी जे ऐकते ते..."

"पोरी, तुला आई आहे ना?"

"...आहे."

"मग नाही उतरवायचं."

मग ती म्हणाली, "ठीक आहे. फक्त बाई एक लिहीन. शब्द देते."

इथेच मिटलं असतं. पण त्या रात्री जेवताना दिरानं ताट बाजूला सारलं आणि तेरा वर्षांत पहिल्यांदा धाकटीच्या डोळ्यांत बघितलं.

"ती बोलते म्हणतेस."

"भाऊजी, ते काहीतरी..."

"तिला विचार. माझ्यासमोर विचार. फडका कुठे गेला."

नवरा म्हणाला, "दादा, जाऊ दे आता."

"तू गप्प बस. तुझी बायको जिवंत आहे."

नवरा ताट घेऊन उठला.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता सगळे मागे उभे राहिले. दीर, नवरा, लेक, आणि जेवण टाकून आलेला इस्त्रीवाला. लेकीनं फोन चालू करून आईच्या हातात दिला. तिला हे सगळं आईच्या थकव्याचं खूळ वाटत होतं, म्हणून ती जास्तच मऊ वागत होती. धाकटी दाराला पाठ लावून बसली. दार घट्ट होतं.

तिनं कुणालाही काही विचारलं नाही. सरळ म्हणाली,

"फडका खुंटीला होता. मी बघितला नाही. डोक्यात सकाळचं भांडण होतं, न बघता कडी घातली. नंतर घाबरले आणि फडका मीच भट्टीत टाकला. इतकी वर्षं खोटं बोलले. चूक माझी."

दिराच्या तोंडातून एक आवाज निघाला, ओझं जमिनीवर टेकवताना हमाल काढतो तसा. "एवढं बोलायला तेरा वर्षं लागली तुला?" आणि तो रडायला लागला. नवऱ्यानं मान हलवली, जणू हे त्याला कधीचंच ठाऊक होतं. इस्त्रीवाला पायांकडे बघत राहिला. कुणी विचारलं नाही की आजच का सांगतेस. कुणी म्हटलं नाही, असं कसं होईल. खरं सांगत होती तेव्हा तेरा वर्षं घशाखाली उतरलं नाही, आणि खोटं सगळ्यांनी एका घोटात प्यायलं.

धाकटीनं ओठ मिटले. चौघांनी पाहिलं, तिनं त्यानंतर तोंड उघडलं नाही. फोन मिनिटभर तसाच चालू राहिला आणि मग लेकीनं आईच्या हातातून घेऊन बंद केला. ती आईकडे बघत नव्हती. धाकटीला तेवढं एक लागलं. बाकी हलकं वाटत होतं, आणि झोप येत होती.

कागद संध्याकाळी आला. दीर म्हणाला, "सगळ्यांसमोर वाच." लेक फोन घेऊन दिव्याखाली बसली. धाकटी बिनघोर होती. लिहिणारीनं शब्द दिला होता.

"वर लिहिलंय," लेक वाचायला लागली, "काकूंनी सांगितल्याप्रमाणे फक्त बाई एकचं लिहिलं आहे. तसंही बाई दोन या वेळी नव्हत्या. दारामागे कुणीच नव्हतं. एकच आवाज होता, काकूंचा."

धाकटीनं डोळे मिटून भिंतीला डोकं टेकलं. संपलं.

लेकीनं कबुली वाचली. ऐकलेलीच होती, तरी तिचा आवाज दोनदा अडकला. "...चूक माझी." मग ती थांबली. अंगठ्यानं कागद वर सरकवला.

"अजून आहे."

धाकटीनं डोळे उघडले.

"बाई एक, खोटं बोलले मी. बाई एक, फडका होता, तो नेला. मी आतून फटीतून बघत होते. हाक मारली, पण मशिनं चालू होती." लेकीनं मान वर केली. "आई, हे कधी बोललीस तू? आम्ही तिथेच होतो... आणि तू आतून कशी बघशील?"

वाचू नको, असं धाकटीला म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलं. घसा सुकून लाकूड झाला होता. ती गिळत राहिली, गिळत राहिली, आवाज निघेना. गाल तापला होता, कुणी नुकतीच वाळलेली चादर लावून बघावी तसा.

"शेवटी एकच शब्द आहे," लेक म्हणाली. "कुणाला तरी हाक मारल्यासारखा. नाव आहे वाटतं. आपल्यात कोण आहे या नावाचं?"

दिराची मान सावकाश धाकटीकडे वळत होती.

लेकीनं वाचलं, "मुंगी."